कानबाई आणि लेकीची मान

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना खताच्या गोणीवरची अक्षरं वाचायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं मी शिकवलं, मला वाटलं त्याने, आणि आम्ही दोघं एकमेकांचं कौतुक करून मोकळे झालो. खरं कळलं तेव्हा मात्र जरा भीतीच वाटली.

ती पाच वर्षांची असताना आम्ही शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. माझे सासरे, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणतं, कपाशीच्या ठिबकपाशी डोकं धरून बसले होते. चार ओळींना पाणी पोचत नव्हतं. ही नळ्यांच्या कडेकडेने लांबवर चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "नाना, ह्या चारही ओळी एकाच चावीवर आहेत, आणि ती चावी अर्धीच उघडली आहे." नानांनी जाऊन चावी फिरवली. पाणी आलं. नानांनी तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

मी मुळात मिरवणारी बाई. पाहुणे आले की चहाआधी लेकीला पुढे करायचे. जळगावच्या आमच्या कॉलनीत असं एक घर नसेल, जिथे मी तिची हुशारी ऐकवली नाही.

सातव्या वर्षी तिचे डोळे सारखे मिचकायला लागले. मोबाईल बंद केला. मग डोळे थांबले आणि मान सुरू झाली. उजवीकडे एक झटका, पाठोपाठ दुसरा, आणि घशातून बारीकसा 'हं'. मी आधी समजावलं, मग रागावले, मग चॉकलेटचं आमिष दाखवलं. ती बिचारी चॉकलेटसाठी दहा मिनिटं मान ताठ धरून बसली, आणि चॉकलेट हातात पडल्यावर एवढे झटके आले की ते खालीच पडलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी नीट तपासलं. "ह्याला टिक्स म्हणतात," ते म्हणाले. "ती मुद्दाम करत नाही. टोकू नका, रागावू नका, आणि सारखं बघत बसू नका." टोकणं मी थांबवलं. पण बघणं थांबेना. जेवताना नजर वरणावर असल्यासारखं दाखवून मी तिचे झटके मोजायचे. पूर्वी तिला पाढे विचारणारेच शेजारी आता मला बाजूला घेऊन विचारायचे, "हिला काय झालं हो?" तिला पाहुण्यांपुढे करणं मी बंद केलं होतं. तिच्या ते लक्षात आलं असणारच. तिच्या लक्षात सगळंच येतं.

त्यात श्रावण आला आणि गावी कानबाई देवीचा सण. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई मांडतात, तिला नथ घालतात, डोळे लावतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन सोडतात. सगळे भाऊबंद गोळा होतात. शंभर माणसांच्या शंभर नजरा माझ्या लेकीच्या मानेवर पडणार. तिला ताप आहे असं खोटं सांगायचंही मी ठरवलं होतं. पण नाना फोनवर म्हणाले, "पोरले लई ये," आणि तिला घेऊन जाण्यावाचून माझा इलाज चालला नाही.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. डफ वाजत होते, बाया फुगड्या घालत होत्या. लेक डफवाल्याला अगदी खेटून चालत होती. खूप आनंद झाला की तिचे झटके वाढतात, हे मला ठाऊक होतं. तिची रिबीन सुटली, केस मोकळे झाले, मान उजवीकडे हिसकू लागली, आणि घशातला 'हं' डफातूनही ऐकू यायला लागला. कुणीतरी ओरडलं, "माय उनी! पोरना आंगमा माय उनी!" पोरीच्या अंगात देवी आली म्हणे.

डफ थांबले. बाया भराभर बाजूला झाल्या. एकीने तिच्या कपाळभर कुंकू लावलं. दुसरीने पायावर पाणी घातलं. आमच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या अक्का, नानांच्या थोरल्या बहीण, काठी बाजूला टाकून तिच्यापुढे वाकल्या. अक्का सहसा कुणापुढे वाकत नाहीत.

मी चार पावलांवर उभी होते. एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. पण मी मूग गिळून उभी राहिले. खरं तेच सांगते, मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या मानेकडे बघून कुणी हळहळलं नव्हतं, हात जोडले होते. पुढे काय होईल, दरवर्षी तिला देवी म्हणून पाटावर बसवतील का, ह्याचा विचार मनात आला, आणि तरीही तोंड उघडलं नाही.

अक्कांनी विचारलं, "माय, मना गुडघा कव्हय बरा व्हई?"

लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अक्कांचा खांदा धरून त्यांना उठवायला लागली. एरवी माझ्याशी पुस्तकासारखं बोलणारी ती, अक्कांशी अक्कांच्याच बोलीत बोलली. "अक्का, मी देवी नही शे. मनी मान आपेआप हालस. शिंक येस ना, तशी. जराखी रोकस मी, मंग येसच."

अक्का अर्ध्या वाकलेल्या. "मंग मना गुडघानं काय?"

"डॉक्टरले दखाड ना."

आधी अक्का हसल्या, मग बाकीच्या. अक्कांनी पदराने तिच्या कपाळावरचं जास्तीचं कुंकू पुसलं आणि आपला वयामुळे सदा थरथरणारा उजवा हात तिच्यापुढे धरला. "हाऊ बी मना ऐकस नही," त्या म्हणाल्या. नदीपर्यंत दोघी तो हात धरून गेल्या, एकीचा हात हलतोय, दुसरीची मान. मी मागून बघत होते. सात वर्षांचं पोर, एवढी गर्दी पाया पडतेय, आणि ते शांतपणे नाही म्हणतं. हे तिच्यात कुठून आलं? माझ्याकडून तर नक्कीच नाही.

संध्याकाळी जळगावला परतताना गाडीत तिने विचारलं, "आई, तू गप्प का उभी होतीस?"

खोटं तिला लगेच कळतं. म्हणून खरं सांगितलं. "मला बरं वाटलं. तुला काय झालं असं कुणी विचारत नव्हतं. सगळे पाया पडत होते."

ती खिडकीबाहेरची कपाशी बघत बसली. मानेला दोन झटके आले.

"पण आई, कानबाईला नदीत सोडून सगळे घरी आले," ती म्हणाली. "मला तर तुझ्याबरोबर घरी यायचं होतं."