डावीकडे वळणारी टीम

आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतल्या गॅरेजात माझ्या गाडीचा एसी दुरुस्त होईपर्यंत तिथल्या फोरमननी मला त्यांच्या कंपनीच्या मोटरसायकल स्पीडवे टीमचा इतिहास ऐकवला. गृहस्थ रत्नागिरीकडचे. भर उन्हाळ्यात अंगात टीमचं जाकीट, पोटावर चेन न लागणारं. स्पीडवेच्या अंडाकृती मातीच्या ट्रॅकवर फक्त डावीकडेच वळायचं असतं. त्यामुळे बोलण्यात शर्यत आली की ते खुर्चीतच डावीकडे झुकत.

दर नव्या स्पॉन्सरबरोबर टीमचं नाव बदललं, जाकीट बदललं, केक कापून ग्रुप फोटो झाला. मोटरसायकल मात्र कोपऱ्यात ताडपत्रीखालीच.

"शर्यती किती जिंकलात?"

"अहो, स्पीडवेच्या गाडीला ब्रेकच नसतात. ब्रेक नाहीत म्हणून कंपनीचे सेफ्टीवाले तिला गेटबाहेर सोडत नाहीत. ब्रेक बसवले, तर शर्यतवाले आत घेत नाहीत. मीटिंगा चालू आहेत. होईल, इन्शाल्ला."

मला हसू फुटणार, तोच ऑफिसातून फोन आला; मी तो स्पीकरवर घेतला. आमच्या अजून सुरू न झालेल्या प्रोजेक्टचं नाव पुन्हा बदललं होतं. नव्या टी-शर्टसाठी माझा साइझ हवा होता.

"मीडियम," मी म्हणालो.

फोरमननी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"लार्ज सांगा," ते म्हणाले. "सुरू होईपर्यंत पोट सुटतं."