कंबरेमागचं बोट

हॉस्पिटलात तिला सगळे चालवाबाई म्हणत. हे नाव पाडलं हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी, तेही त्यांच्या नकळत. सकाळच्या राउंडला ते पलंगापाशी यायचे, कागद चाळायचे आणि मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे न बघताच म्हणायचे, "बाई, यांना चालवा." पुढच्या पलंगाशी गेले की, "बाई, यांनाही चालवा." मग बाईंनी महिना महिना घाम गाळून त्या माणसाला पायावर उभं करायचं. तो चालायला लागला की घरची मंडळी हात जोडून डॉक्टरांचे आभार मानायची, आणि जाता जाता बाईंना विचारायची, "लिफ्ट कुठल्या बाजूला हो?"

तिला ते लागायचं. वरवर हसायची, पण आतून चरफडायची. चाळिशी ओलांडल्यावर, केस रंगवायचे की नाहीत हे ठरवायच्या वयात, तिने फिजिओथेरपी आणि हालचालींच्या शास्त्रात डॉक्टरेटला नाव घातलं ते ज्ञानाच्या तहानेपोटी वगैरे नव्हे. तिला नावाआधी 'डॉक्टर' हवं होतं. राउंडच्या वेळी त्या माणसाला एकदा तरी मान वळवून बघावं लागलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

घरात या बातमीचं स्वागत जेवढ्यास तेवढंच झालं. नवरा म्हणाला, "चालण्यावर प्रबंध? आपण सगळे चालतोच की."

सासूबाईंनी जास्त मुद्द्याचं विचारलं. "डॉक्टर झालीस की इंजेक्शन देता येईल का गं?"

"नाही, आई."

"औषध लिहून देता येईल?"

"तेही नाही."

"मग कसली मेली डॉक्टर!" असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

विद्यापीठात तिला मार्गदर्शक म्हणून जे सर मिळाले, ते स्वभावाने वाईट नव्हते. म्हणजे ओरडायचे नाहीत. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती. एक लांबलचक खोली, मधोमध चालायची पट्टी, आणि भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे. पेशंटच्या घोट्यावर, गुडघ्यावर, कंबरेच्या हाडावर चकाकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवायच्या. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नसे, नुसत्या गोळ्या दिसत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर ते ठिपके चालत यायचे, आणि त्यावरून माणूस किती झोकांड्या खातो, पाऊल कुठे चुकतं, याचा हिशोब निघायचा. ही यंत्रणा सांभाळायला सरांचा दुसरा विद्यार्थी होता. सगळे त्याला इंजिनिअर म्हणत. पोरगा हुशार होता. त्याचे हात वायरींवर सराईतपणे फिरायचे. माणसाला मात्र तो कधी हात लावत नसे. पेशंटच्या अंगावर गोळी चिकटवायची वेळ आली की म्हणायचा, "मॅडम, ते तुम्हीच करा, मला कसंतरी होतं."

तिची कल्पना साधी होती. पक्षाघातानंतर माणूस दुबळ्या पायाला जपतो आणि चांगल्या पायाला राबवतो. तिने उलट करून बघितलं. दुबळ्या पायावर मुद्दाम आधी भार द्यायचा, त्यालाच कामाला जुंपायचं. अर्ध्या पेशंटना तिने या पद्धतीने शिकवलं, उरलेल्यांना नेहमीचे व्यायाम दिले. तिच्या पेशंटना पट्टीवर चालवून मोजायचं काम ती करायची. दुसऱ्या गटाची मोजणी सकाळी असायची आणि सकाळी तिची वॉर्डाची ड्यूटी. म्हणून ते काम सरांनी इंजिनिअरकडे दिलं. गोळ्या तेवढ्या ती वॉर्डातच चिकटवून द्यायची. तो संगणकामागे खिशात हात घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "हं, चला."

निकाल असे आले की सरसुद्धा खुर्चीत सरसावून बसले. तिचे पेशंट कमी डोलत होते, पावलं एकसारखी पडत होती. त्यांत सगळ्यांत पुढे शिंपीकाका. अर्धं अंग गेलं तेव्हा हा माणूस पलंगावर भिंतीकडे तोंड करून रडायचा. आता तो पट्टीवर असा चालायचा की त्याची बायको दाराशी उभी राहून तोंडावर हात धरायची. प्रबंध लिहून झाला. हॉस्पिटलने तिची पद्धत वॉर्डात सुरूही केली. हाडांच्या डॉक्टरांनी एकदा जिन्यात विचारलं, "काय म्हणतंय तुमचं संशोधन?" त्या दिवशी ती घरी येताना उगाच एक थांबा आधी उतरून चालत आली.

आणि मग तिने तो व्हिडिओ बघितला.

खोलीच्या कोपऱ्यात एक साधा कॅमेराही होता. फक्त नोंद राहावी म्हणून. त्याचं चित्रण कुणी कधी बघत नसे, कारण मोजमाप गोळ्यांचं व्हायचं. प्रबंध सादर करताना दाखवायला दोन तुकडे हवेत म्हणून ती ते चाळत बसली होती. शिंपीकाका चालत होते. त्यांच्या मागे, अर्धं पाऊल डावीकडे, ती स्वतः. आणि तिचा उजवा हात काकांच्या कंबरेमागे. दोन बोटं त्यांच्या कंबरेच्या हाडाच्या काठावर टेकलेली. धरलेलं नव्हतं, ढकललेलं नव्हतं. नुसती टेकलेली.

तिने दुसऱ्या पेशंटचा व्हिडिओ लावला. तिथेही बोटं. तिसऱ्याच्या मागेही. तिने एकेक करून सगळे लावले.

हा हात तिने तिथे ठेवला नव्हता. तो तिथे होताच. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून त्यांना हेच शिकवलं जातं, पेशंटमागे उभं राहा, हात कंबरेजवळ ठेवा, माणूस पडला तर चूक तुमची. वीस वर्षं हात तिथे जाऊन जाऊन आता तो विचारतही नव्हता. आणि तिने स्वतःच प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की तोल गेलेल्या माणसाला नुसता बोटभर स्पर्श मिळाला तरी शरीर सावरतं. दुसऱ्यांच्या संशोधनाचा दाखला देऊन, अगदी सुबक शब्दांत. इंजिनिअरच्या पेशंटमागे कुणाचं बोट नव्हतं. तिच्या प्रत्येक पेशंटमागे होतं. म्हणजे फरक कशाचा होता? पद्धतीचा की बोटाचा?

सरांनी व्हिडिओ अर्धाच बघितला. "मोजमाप कॅमेऱ्यांनी केलंय ना? त्यांना बोट दिसतं का?"

"नाही दिसत, सर. पण शरीराला—"

"परीक्षक गोळ्यांचे आकडे बघणार. तुमची मुदत संपत आलीये. आता खुसपट काढू नका."

नवऱ्याने तर हातच जोडले. "एवढी वर्षं घर डोक्यावर घेतलंस. दोन बोटांसाठी आता सगळं पाण्यात घालणार का?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. प्रबंध तसाच दिला असता तर ती डॉक्टर झाली असती. कुणाला ताकास तूर लागली नसती. पण वॉर्डात तिच्या पद्धतीने शिकलेली माणसं 'चालतात' असा शेरा घेऊन घरी जायला लागली होती, आणि घरी त्यांच्या कंबरेमागे कोण होतं? हा प्रश्न तिला भाजी चिरताना पडायचा, आंघोळ करताना पडायचा. शेवटी तिने सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून घेतली आणि जुन्या पेशंटना परत बोलावलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कठडे लावले, पडलेच तर हाताशी असावेत म्हणून. स्वतःचे हात तिने पाठीमागे एकमेकांत गुंतवले. ते सुटून पुढे जाऊ नयेत म्हणून तिला ते घट्ट आवळावे लागले.

शिंपीकाका हसतच आले. "चला बाई, दाखवू तुमच्या मशीनला."

काही पावलं चालले आणि मधेच थांबले. दुबळा पाय थरथरायला लागला. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. "बाई, तुम्ही आहात ना?"

"आहे काका. इथेच आहे. चला."

"आहात तर मग..." त्यांनी कठडा पकडला. चेहरा पार उतरला होता. त्यांना कळेना की काय हरवलंय.

दाराशी उभी असलेली काकू पटकन पुढे आली, नवऱ्यामागे गेली आणि दोन बोटं त्याच्या कंबरेच्या हाडावर टेकवली. अगदी बरोबर जागी. काका चालायला लागले.

"घरी असंच करते मी," काकू म्हणाली. "तुम्हीच करायचात ना, बघून बघून शिकले. आता संडासला जायचं तरी मी लागते. बहिणीकडे जाऊन वर्ष झालं मला." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. उलट, आपलं शिकणं बाईंना आवडेल अशी तिला आशा होती.

एकेक करून सगळ्यांचं तेच झालं. कुणी थोडं कमी, कुणी थोडं जास्त. तिची पद्धत मातीमोल होती. जे काम केलं ते बोटांनी.

तिने सगळं लिहून सरांपुढे ठेवलं. या वेळी सरांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तर फार मोठं आहे हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "बोट असताना आणि नसताना, तीच माणसं, तीच पट्टी. असं कुणाकडे नाही."

तिला वाटलं, सुटले. खरं बोलून निभावलं. क्षणभर तिला सरांविषयी माया वाटली, हे तिने नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

"पण तुमचा विषय व्यायामाचा," सर पुढे म्हणाले. "स्पर्शावर तुमची नोंदणी नाही. मुदतही संपली. नियम मी केलेले नाहीत. तुमची नोंदणी मागे घेऊ, म्हणजे बदनामी नको. आणि ही माहिती तशी प्रयोगशाळेची आहे. इंजिनिअरचा विषय सेन्सरचा, त्यात हे चपखल बसतं."

माहिती खरंच प्रयोगशाळेची होती. कॅमेरे सरांचे, पट्टी सरांची. तिची फक्त बोटं होती.

इंजिनिअरला पुढच्या वर्षी डॉक्टरेट मिळाली. निबंध छापून आला तेव्हा त्यात त्याचं नाव होतं, सरांचं होतं, आणि शेवटी आभारांच्या ओळीत 'रुग्ण उपलब्ध करून देणारा फिजिओथेरपी विभाग'. सासूबाईंनी एक दिवस सहज विचारलं, "तुझं ते डॉक्टरचं काय झालं गं?" तिने सांगितलं, "राहिलं." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतरी काय उपयोग होता." आणि तिला त्या बाईचा राग आला नाही, कारण पहिल्यांदाच घरात कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं. मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं ती आता उघड म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई गंमत करतायत.

मग हॉस्पिटलमध्ये आदेश आला. नव्या स्पर्श-पद्धतीचं प्रशिक्षण, सगळ्या फिजिओथेरपिस्टना सक्तीचं. मोठा हॉल, पडदा, माईक. पुढच्या रांगेत हाडांचे डॉक्टर. स्टेजवर इंजिनिअर, कोट घातलेला. त्याने पडद्यावर ठिपके चालवून दाखवले, आलेख दाखवले. हाडांच्या डॉक्टरांनी मान वळवून वळवून शेजाऱ्याला काहीतरी कौतुकाने सांगितलं. मग इंजिनिअर म्हणाला, आता प्रत्यक्ष बघू, आणि त्याची नजर तिच्यावर गेली.

"मॅडम, तुम्ही येता? काही करायचं नाही. फक्त पेशंट व्हायचं."

लोक हसले. ती उठून स्टेजवर गेली. तो तिच्या मागे उभा राहिला. माणसाला हात लावायला अजूनही त्याला कसंतरी होत असावं, कारण बोटं टेकवायला त्याने बराच वेळ लावला. टेकवली ती हाडाच्या वर, कंबरेच्या मऊ मांसावर. तिथे बोट लागलं की माणूस अंग चोरतो, पुढे झुकतो. दुबळ्या पायाचा असेल तर तोंडावर पडतो. तिला हे झोपेतही कळलं असतं.

"इथे," तो माईकमध्ये म्हणाला. "नीट बघून घ्या सगळ्यांनी. दाबायचं नाही. बरोबर आहे ना, मॅडम?"

हाडांचे डॉक्टर तिच्याकडे बघत होते, सरळ, पूर्ण मान वळवून. बोटभर खाली, एवढंच सांगायचं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"थँक यू. आता चाला."

ती सरळ, एकसारखी पावलं टाकत स्टेजच्या टोकापर्यंत चालत गेली. टाळ्या पडल्या. मग खुर्च्या सरकल्या, सगळे जोडीजोडीने उभे राहिले, आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्या माणसाच्या कंबरेवर नेमक्या त्याच जागी बोटं टेकवली.