कोठाराचा ओटा

नगरला आमच्या वस्तीसमोर लष्कराचं एक जुनं कोठार होतं. कधीकाळी तिथे घोड्यांची खोगिरं ठेवत म्हणे. माझ्या आठवणीत मात्र दाराला कायम कुलूप आणि बाहेरच्या लांबरुंद दगडी ओट्यावर आईचं राज्य. उन्हाळ्यात तो ओटा असा तापायचा की आज घातलेल्या कुरडया उद्या कडकडीत. अंगणातल्या चुलीवरून चिकाचं पातेलं उतरवून आई ते थेट ओट्यावर टेकवायची. शेजारणी सोऱ्या घेऊन जमायच्या आणि आम्ही पोरं राखणीच्या नावाखाली ओल्याच कुरडया फस्त करायचो.

मग रस्ता रुंद करायचा ठरला. कोठार पाडणार नव्हते. दगड न् दगड खुणा करून काढणार आणि संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभारणार होते. सगळ्यांना कोण कौतुक! आई मात्र फुगून बसली.

"तासून गुळगुळीत करतील. माझा ओटा गेलाच म्हनायचा."

तेव्हापासून तिने कुरडया घालणंच सोडलं. आम्ही गच्ची सुचवली, तर "तिथं न्हाई जमायचं" एवढंच. विकतची कुरडई तळली की ती ताटात बाजूला सारायची. मला तिचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

यंदा होळीच्या आधी मी तिला जवळजवळ ओढतच संग्रहालयात नेलं. कोठारात आता खोगिरं, तलवारी, नकाशे मांडलेत. तिकडे ढुंकूनही न बघता ती ओट्यापाशी गेली. तिथे पिळदार मिशांचे एक माहितगार गृहस्थ शाळेच्या सहलीला सांगत होते, "हे काळे गोल डाग पाहा. इथे खोगिरांना लावायच्या तेलाची पिंपं ठेवत. त्यांच्या बुडांच्या या खुणा आम्ही मुद्दाम जपल्यात."

ते डाग आईच्या पातेल्याच्या काजळीचे होते! मला हसू आवरेना. मी तोंड उघडणार तोच आईने चिमटा काढला.

"गप बस. त्यांचं मन कशाला मोडती?"

सहल पुढे गेल्यावर तिने वाकून एका डागावर तळहात ठेवला. दगड छान तापला होता.

"लई जपलंय गं," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि गालातल्या गालात हसतही होती.

रिक्षात बसल्याबरोबर तिचा हुकूम सुटला, "बाजारावरून घ्यायला सांग, गहू घ्यायचेत. अन् घरी गेल्यावर गच्ची झाडून ठेव."