बेकरसाहेबांची सर्वपित्री

सांगू की नको, असं अजूनही होतं मला. पण चहा ओतलाय, तुम्ही घरचेच आहात, तेव्हा ऐका. मी एका धडधाकट अमेरिकन माणसाचं श्राद्ध घातलंय! होय, तो जिवंत असताना. आणि इतक्या मनोभावे, की त्याच्या सख्ख्या नातवंडांनीही घातलं नसतं!

तेव्हा आम्ही शारजाला, रोल्लाजवळ राहायचो. ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं आणि ह्यांचा व्हिसा संपत आला होता. रिन्यू करायचा की खलास म्हणायचं, हे एकट्या ह्यांच्या अमेरिकन साहेबांच्या, बेकरसाहेबांच्या हातात. मुक्ता आठवीत, वर्षाच्या मध्येच शाळा सोडून कुठे जाणार पोर? मी सोळा सोमवार धरले. दुसरं काय होतं माझ्या हातात?

तर होता, ब्रश! आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या देवघरांत मी रंगवलेले गणपती होते. एक ह्यांच्या ऑफिसच्या टेबलावर. तो साहेबांच्या नजरेस पडला आणि ह्यांच्या हाती एक तपकिरी, जुनाट फोटो आला. "मॅडमला सांग, असंच मोठं ऑइल पेंटिंग हवंय. बायकोच्या वाढदिवसाला सरप्राइज."

फोटोत कोण? भली मोठी हॅट, छातीवर रुळणारी दाढी, चामड्याचं जाकीट, कमरेला पिस्तूल, मागे लाकडी गुत्ता!

"कोण हो हे?"

"विचारलं नाही."

"अहो, विचारायचं की!"

"अगं, व्हिसा होईपर्यंत मी त्यांना गुड मॉर्निंगशिवाय काही बोलत नाही." मग हे चष्मा वर करून निरखत म्हणाले, "पणजोबा असणार. नाक बघ, साहेबांचंच आहे."

झालं! पणजोबा ठरले.

मुक्ताने शाळेच्या लायब्ररीतून काउबॉयांचं पुस्तक आणलं. उन्हात रापलेली कातडी, धुळीने माखलेले बूट, सगळं पाहून पाहून रंगवत होते. पण देव रंगवून हाताला वळणच तसं पडलेलं! दोनदा हॅटमागे प्रभावळ उमटली. शेवटी तिचा सूर्यास्त करून टाकला.

"आई, काउबॉइज डोन्ट लुक सो होली!" मुक्ता म्हणाली.

"असू दे गं. कुणाचे तरी पूर्वज आहेत ते."

चित्र न्यायला साहेब गुरुवारी संध्याकाळी स्वतः येणार, असा निरोप आला. मी कॅलेंडर बघितलं, तर काय! सर्वपित्री अमावास्या! अशा दिवशी वाढदिवसाची भेट द्यायची?

मग वाटलं, छे, ही तर देवाचीच योजना! कुठल्या माळरानावर गेलेला जीव, त्याची तिथी कोण लक्षात ठेवतंय? आणि तिथी माहीत नसलेल्यांसाठीच तर सर्वपित्री! आपल्या पितरांसाठी पान वाढायचंच आहे, त्यात आणखी एक.

ह्यांनी बर दुबईच्या देवळाजवळून हार आणला. "साहेबांना आवडेल ना गं?"

"आपल्या वाडवडिलांना कुणी मान दिला तर कुणाला आवडणार नाही?"

पेंटिंगला हार घातला, निरांजन लावलं, पुढ्यात खीर आणि वडे ठेवले. बाल्कनीत घास ठेवला, तर मागे वळायच्या आत कावळा! माझे डोळे भरून आले. एवढ्या लांबून आलेला आत्मा, लगेच तृप्त झाला हो!

संध्याकाळी साहेब आले. गुळगुळीत दाढी केलेली, त्याहून गुळगुळीत डोकं. दारातच थबकले. मग चित्राजवळ गेले, नाकाला नाक लावून बघितलं आणि ओरडले, "वॉव! यू मेड मी अ सेंट!"

"यू, सर?" हे पुटपुटले.

साहेबच खोखो हसत सांगायला लागले. त्यांच्या गावच्या जत्रेत एक स्टुडिओ असतो म्हणे. जुन्या काळचे कपडे घालून तसाच तपकिरी फोटो काढून देतात. दाढी खोटी, पिस्तूल खोटं, गुत्ता पडद्यावरचा. नाक तेवढं खरं!

ह्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"आणि हा हार?" साहेबांनी विचारलं.

"रिस्पेक्ट, सर! इंडियन रिस्पेक्ट!"

"नो अंकल," आमची सत्यवादी कन्या म्हणाली, "दॅट्स फॉर डेड पीपल. द क्रो ऑल्सो केम."

ह्यांनी सोफ्याची पाठ घट्ट धरली. मी हार ओढून काढला. आता ह्या माणसाचं आयुष्य वाढवायचं कसं? सुचलं ते केलं. पाट मांडला, साहेबांना पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ओवाळलं!

साहेब मांडी घालता घालता कण्हत म्हणाले, "फर्स्ट आय डाइड. नाऊ इट्स माय बर्थडे?"

आणि खाल्लं काय त्यांनी? मी नको नको म्हणेपर्यंत चित्रापुढचेच वडे! स्वतःच्या श्राद्धाचे वडे, खिरीत बुडवून बुडवून! वर "व्हेरी टेस्टी!" मी मनातल्या मनात शंकराची क्षमा मागत वाढत राहिले.

शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी ऑफिस उघडलं आणि दुपारी ह्यांचा फोन आला. सही झाली! तीन वर्षांचा व्हिसा! मी देवापुढे साखर ठेवली, मुक्ताला मिठी मारली, आणि संध्याकाळी हे घरी आल्या आल्या मोठ्या उत्साहाने म्हटलं, "अहो, हात चांगला बसलाय आता. काउबॉयच्या हॅटमध्ये तुमचं पोर्ट्रेट काढू?"

हे बूट काढता काढता थांबले.

"नको गं बाई. व्हिसा आत्ताच मिळालाय. निदान तो संपेपर्यंत तरी जगू दे मला!"