गल्लीतला मांडव आणि आईचा गुडघा

आमच्या गोंदियात घरी कार्य निघालं की मांडव गल्लीत पडतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. परवानगी कोणी विचारत नाही आणि ज्यांचा रस्ता बंद होतो तेच संध्याकाळी आहेर घेऊन जेवायला हजर. आम्हीही मुलीच्या लग्नात घातला होता, पण अर्ध्याच गल्लीत. टेप लावून मोजलं होतं मी.

मागच्या उन्हाळ्यात आई नवेगाव बांधहून माझ्याकडे आली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून जेमतेम वीस पावलं चालायची. रेल्वेनं नागपूरला जाऊन डॉक्टरांना दाखवायचं होतं. ही तारीख चुकली तर पुढची महिन्याभरानं. मी यादी केली: फाईल, एक्स-रे, तिकिटं, पाणी, डबा, सातला ऑटो फाटकाशी. सगळ्यांवर खुणा झाल्या.

सकाळी फाटक उघडलं तर समोरच मांडवाची बल्ली, हा जाडजूड खांब रोवलेला. पलीकडे आचाऱ्याची भट्टी, गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि ऑटो पार कोपऱ्यावर उभी.

शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाचे वडील तिथेच चहा पीत होते. मी म्हटलं, "रस्ता काय तुमच्या घरचा आहे?"

"अरे भाभी, एक दिन की तो बात है."

"माझीही एकाच दिवसाची आहे. गाडी थांबणार आहे का?"

"तो हमको पहले बताना था ना."

मी! रस्ता यांनी अडवायचा आणि पूर्वसूचना मी द्यायची!

मागून आई म्हणाली, "कायले भांडून राहिली वो? गाडी चालली जाईल ना."

शेवटी चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून ऑटोपर्यंत नेलं. त्यात हळद लागलेला नवरदेवही होता. आई त्याला म्हणाली, "हळू रे बापू, तुयी हळद मले लागून राहिली." सगळा मांडव हसला. मी हसले नाही. वॉकर आणि फाईल घेऊन मागे पळत होते. गाडी मिळाली, सुटायला चार मिनिटं असताना.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. परतल्यावर ती तारीख मी घरोघरी सांगत फिरले. नवरदेवाचे वडील म्हणाले, "उस दिन? उस दिन तो सामनेवालों का साक्षगंध है." म्हणजे साखरपुडा, आणि पुन्हा मांडव.

त्या दिवशी मी पहाटेच ऑटो बोलावून फाटकाशी उभी केली. मांडववाला आला.

"मॅडम, गाडी हटाओ, गड्ढा करना है."

"आई बसेल, ऑटो निघेल, मग करा. तोवर थांबा."

तो कुरकुरला, पण थांबला. आई वॉकर टेकत स्वतःच्या पायांनी ऑटोपर्यंत आली आणि बसली.

समोरची बाई दारात आली. "ताई, संध्याकाळी सगळे जेवायला या हं."

"येतो," मी म्हटलं. "पण परत येताना ऑटो फाटकापर्यंत आली पाहिजे. तेवढी जागा सोडायला आत्ताच सांगा या मांडववाल्याला, माझ्यासमोर."

तिनं सांगितलं. मग मी ऑटोत बसले.