मंगेश असं बोललाच नव्हता

मंगेश मंचावर जे बोलला म्हणून लोकांनी त्या दिवशी डोळे पुसले, ते तो बोललाच नव्हता. ते मी बोललो होतो. त्याच्या नावाने, ‘मी, मी’ म्हणत. ज्या दोघांची ही गोष्ट आहे त्यांच्याखेरीज आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही — बायकोला नाही, संस्थेतल्या कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

पण नीट सांगायला हवं. घाईने सांगितलं की मी स्वतःला वाचवतो — ती सवय आहे मला.

वर्ध्यात माझं कापडाचं दुकान आहे. पूर्वी दुकानासमोर ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा होती. मुलं रुमाल, गणवेशाचं कापड घ्यायला यायची आणि काउंटरवर उभी राहून हातांनी गप्पा मारायची. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्याकडून खुणा शिकायचो. माझ्या चुकांना ती पोट धरून हसायची. पुढे शाळा दुसरीकडे गेली, भाषा तेवढी माझ्या हातात राहिली. त्याच जोरावर मी एका संस्थेत स्वयंसेवक झालो. अपंग चित्रकारांची चित्रं ही संस्था प्रदर्शनं भरवून विकते. फ्रेमवाल्याकडे खेपा घालायच्या, चित्रं बांधायची, आणि ज्यांना ऐकू-बोलता येत नाही त्यांचं म्हणणं लोकांना बोलून दाखवायचं, हे माझं काम. लोक म्हणायचे, भला माणूस आहे. मलाही ते हळूहळू पटलं होतं.

या कामाची एक रीत आहे. ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नसतं. समोरच्याच्या हातांनी जे सांगितलं ते ‘मी’ म्हणूनच बोलायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, तोच बोलतोय. किती विश्वासाची रीत आहे ही! आपला ‘मी’ कुणी दुसऱ्याच्या तोंडात ठेवतो, आणि आपण काय बोललो ते त्याला स्वतःला ऐकूही येत नाही.

मंगेश अल्लीपूरचा. जन्मापासून ऐकू न येणारा. बाप लवकर गेला. आई गिरजाताई वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजारात बसायची. मंगेश शाळेत खुणांची भाषा शिकला, ती मात्र आईला येत नव्हती. मायलेकांचे घरगुती हातवारे होते — भूक, ताप, बाजार, नीज, चल. तेवढ्यावर त्यांचं निभायचं. त्यापलीकडचं काही असलं की मी.

मंगेशची चित्रं पाहिली की लोक आधी गोंधळायचे. सगळा आठवडी बाजार खालून पाहिलेला. टोपल्यांची बुडं, लुगड्यांचे काठ, तराजूच्या पारड्याची खालची बाजू, बैलाचे खूर, आणि पुढ्यात कुणाच्या तरी हातून पडलेली एक मिरची — माणसापेक्षा मोठी. असं का, ते मला गिरजाताईने एकदा दुकानात बसून सांगितलं होतं. मंगेश लहान असताना ती बाजारात जुन्या लुगड्याच्या चिंधीचं एक टोक त्याच्या मनगटाला बांधायची, दुसरं आपल्या. मोटारी, बैलबंड्या — आणि पोराला हाक ऐकू येत नाही. बाजूच्या बाया टोमणे मारायच्या, “गिरजे, पोरगं हाय का वासरू वो?” ही म्हणायची, “वासरू असतं तं हाक मारल्यावर आलं असतं. हे येत नाई, म्हून बांधलं!” सांगताना ती हसली होती. मग म्हणाली होती, “पन भाऊ, मनाले लागे. लेकराले बांधनं बरं दिसते काय?”

हे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

त्या वेळी मंगेश वर्ध्यात संस्थेच्या खोलीवर राहायचा. गिरजाताई दर महिन्याला एसटीने यायची. डब्यात त्याच्या आवडीची वांग्याची भाजी असायची. तो तिला साखर तपासायला दवाखान्यात न्यायचा, मग दोघं माझ्या दुकानात येऊन चहा प्यायची. तिला साखरेचा आजार होता आणि गोळ्यांचा कंटाळा. मंगेश डोळे वटारायचा तेव्हा कुठे ती गोळी घ्यायची.

मग ते प्रदर्शन. वर्ध्यातच, एका सभागृहात. नागपूरहून मोठी मंडळी आली होती. मंगेशच्या आधी दोघांचं बोलून झालं होतं आणि लोक मोबाईलमध्ये बघत होते. संस्थेच्या मॅडम कोपऱ्यातून माझ्याकडे काळजीने पाहत होत्या. मंगेश उभा राहिला. त्याने हातांनी सांगितलं — सुंदर सांगितलं, शपथेवर सांगतो — की आई बाजारात माझं मनगट तिच्या मनगटाला बांधायची. मला काही हवं असलं की मी ओढायचो, तिला काही सांगायचं असलं की ती. एकदा ओढलं की ‘इकडे बघ’, दोनदा ओढलं की ‘चल’. ती माझी पहिली भाषा. तिच्याजवळ खाली बसून मी जग पाहिलं, म्हणून माझी चित्रं खालून आहेत.

मी पहिलं वाक्य बोललो — “लहानपणी मला बांधून ठेवायचे.”

पुढे ‘बाजारात’ यायला हवं होतं. ‘आईच्या मनगटाला’ यायला हवं होतं. पण सभागृह एकदम गप्प झालं. मोबाईल खाली गेले. पहिल्या रांगेतल्या एक बाई पुढे झुकल्या. आणि मला — काय सांगू — मला ते आवडलं. इतकी माणसं, आणि सगळी माझ्या आवाजाकडे पाहत होती. दुकानात कुणी माझं ऐकत नाही. मी पुढे बोललो, “घरात पाहुणे आले की मला मागे गोठ्यात बांधायचे. माझी लाज वाटायची घरच्यांना. माझ्या आईलाही.”

चित्रं विकली जावीत म्हणून केलं का? तसं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. विकली गेलीही. पण कारण ते नव्हतं. त्या बाईंनी डोळ्याला पदर लावला, ते कारण होतं.

पकडलं जाण्याची भीती नव्हती. ज्यांना मंगेशचे हात वाचता येत होते, त्यांना माझा आवाज ऐकू येत नव्हता. ज्यांना माझा आवाज ऐकू येत होता, त्यांना हात वाचता येत नव्हते. मधे फक्त मी. मंगेशने मला विचारलं, ती बाई का रडतेय? मी खुणेने सांगितलं — तुझी चित्रं फार आवडली त्यांना. तो खूश झाला.

गिरजाताई शेवटच्या रांगेत होती. नवं लुगडं नेसून आली होती, पोराचा सत्कार बघायला. ती तिथे आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर तिने वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिली, “त्याले द्या जी,” म्हणाली, आणि न भेटता निघून गेली.

त्यानंतर ती वर्ध्याला आलीच नाही. डबा बंद झाला. मंगेश विचारायचा, आई का येत नाही? मी म्हणायचो, शेतात कामं असतील. दिवाळीला तो मला बळंच अल्लीपूरला घेऊन गेला. तू विचार तिला, म्हणाला, ती माझ्यावर का रुसली?

अंगणात आम्ही तिघं बसलो. गिरजाताई त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, “भाऊ, त्याले विचारा. बाजारात बांधत होती मी, नाई म्हनत नाई. मोटारीखाली येईन म्हून बांधत होती. पन घरात कई बांधलं मी त्याले? गोठ्यात कई टाकलं? असं काऊन वाटलं त्याले? विचारा नं जी.”

विचारायचं होतं मला. हात उचलायचे होते फक्त. मी मंगेशला खूण केली — विचारतेय, पोटभर जेवतोस ना?

तो हसला. हो म्हणाला, काळजी करू नको म्हणाला, जाडा झालोय बघ म्हणून गाल फुगवून दाखवले. आणि मी तिला म्हणालो, “तो म्हणतो, झालं गेलं. जाऊ द्या.”

त्या शब्दांवर तिने त्याचा तो हसरा चेहरा पाहिला. तरी तिचा जीव मानेना. तिने स्वतः, आपल्या बोटांनी आपलं मनगट आवळलं आणि त्याच्याकडे प्रश्नाने पाहिलं — बांधलं होतं? तुले? मंगेशला वाटलं, आईला बाजार आठवला. त्याने आनंदाने मान हलवली, आपलंही मनगट आवळून दाखवलं. हो, हो, हो!

मी तिथे बसलो होतो. चहा पीत होतो.

त्या दिवसापासून तिने त्याच्याशी हातवारे करणं सोडलं. तो गावी गेला की ती जेवायला वाढायची आणि हात पदराखाली घेऊन बसायची. आणि मी? मी संस्थेत जात राहिलो. नागपूरच्या प्रदर्शनात गोठ्याची तीच गोष्ट पुन्हा सांगितली. आई तिथे नव्हती, म्हणून जास्त रंगवून.

यात वर्षं गेली. ती वर्ध्याला येईना, म्हणून तपासणी थांबली. तपासणी थांबली, गोळ्याही थांबल्या. वटारायला मंगेशचे डोळे समोर नव्हते ना. तिची नजर गेली, हे गावात लवकर कुणाला कळलंच नाही. सवयीने ती सगळं करत होती. एकदा पालकाऐवजी गवताची जुडी बांधून तिने गिऱ्हाईकाच्या हातात दिली तेव्हा कळलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखरेने डोळ्यांचा पडदा गेला, फार उशीर झाला. ते मीच मंगेशला खुणेने सांगितलं. तिचे डोळे साखरेने घेतले, मी नाही — हे वाक्य मी रोज स्वतःशी म्हणून पाहतो. एकदाही पुरं म्हणवत नाही.

मंगेश बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसला. मग त्याने मला सांगितलं, आता तिला माझे हात दिसणार नाहीत. आता सगळं तूच सांगायचं. आमचं तोंड तूच.

ते मला सोसलं नाही. चांगुलपणा नव्हता तो. सोसलं नाही, इतकंच.

पुढच्या रविवारी आम्ही अल्लीपूरला गेलो. मी आधी मंगेशला सांगितलं, हातांनी, सगळं: सभागृह, गोठा, दिवाळी, नागपूर. तो शेवटपर्यंत बघत राहिला. एकदाही अडवलं नाही. मग उठला, दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. ऐकू न येणाऱ्या माणसाने पाठ केली की तुमचं बोलणं संपतं. त्याला कान झाकावे लागत नाहीत.

मग गिरजाताईला सांगितलं. ती बाजेवर बसून होती, चेहरा जरा भलतीकडेच वळलेला. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मंग तो काय बोलला होता?”

इतक्या वर्षांनी मी तिला ते सांगितलं. रीतीप्रमाणे, ‘मी’ म्हणून. “आई बाजारात माझं मनगट तिच्या मनगटाला बांधायची. मला काही हवं असलं की मी ओढायचो. एकदा ओढलं की इकडे बघ. दोनदा ओढलं की चल. ती माझी पहिली भाषा.”

मी पुढे आणखी काही सांगायला गेलो, तशी तिने हात वर केला. “तुमी आता बोलू नोका, भाऊ.”

“पन हे तुमी दिवाळीले काऊन नाई सांगतलं?” हे मग तिनेच विचारलं. “तवा तं मले त्याचं तोंड दिसत होतं.”

ती उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, चाचपडत त्याचा दंड धरला, मग खाली मनगट. तिथे बोटं आवळली. पुढे त्यांच्यात काय झालं ते मला माहीत नाही. मला ते वाचता येत नव्हतं, आणि वाचायचा हक्कही नव्हता.

मी तिथेच उभा होतो, दोघांच्या पाठीमागे. मग मी तोंडाने बोललो आणि तेच हातांनी केलं, पाहायला कुणी नसताना — “गिरजाताई, तुम्ही त्याला घरात कधी बांधलं नाही. मंगेश, तू तसं कधी बोलला नाहीस. ते मी बोललो. खोटं माझं होतं. तुमची ही वर्षं मी खाल्ली. मी तुमच्या दोघांचा अपराधी आहे.”