माइक बंद पडल्यावर ह्यांनी लिहिलेलं पान

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेजमध्ये बसला तर माल पास, नाही तर रिजेक्ट. त्यामुळे अंगात येणं, चमत्कार... असलं कुणी सांगायला लागलं की मला हसू येतं. आज तुम्ही मला हसलात तरी राग नाही.

आमचे हे फोर्जिंग शॉपला, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवतात तिथे, बावीस वर्षं हॅमरवर होते. तिथे कानात बोळे घालायचा नियम, पण ह्यांच्यासारखे जुने ऑपरेटर ऐकतील तर शपथ! घाव नीट बसला की नाही ते आवाजावरूनच कळतं, बोळे घातले की काम बिघडतं — हे ह्यांचं ठाम मत. ती हुशारी अंगाशी आली. दोन्ही कान गेले, कानाच्या मशीनचाही उपयोग होईना. नोकरी सुटली आणि मग माणूस बोलायचाच थांबला. दोन वर्षं पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. कान गेल्याचं मी सोसलं असतं, पण हा माणूसच हातचा जाईल अशी धास्ती वाटायची.

आमच्या भागातल्या एका विद्यापीठात महिन्यातून एका रविवारी सकाळी व्याख्यान असतं. कुणीही यावं, फी नाही. त्या वेळी विषय होता ‘आवाज’. मी ऐकून वहीत लिहायचं, ह्यांनी वाचायचं, असं ठरवून मी ह्यांना ओढूनच नेलं.

“बहिऱ्याला आवाज दाखवायला नेतीस? चेष्टा हाय का?” रिक्षात एवढंच बोलले.

जागा मिळाली शेवटच्या रांगेत. मॅडम सत्तरीच्या, आवाज बारीक, पण काय शिकवत होत्या! साधी दोरी हलवून लाट दाखवली, आणि शाळा अर्धवट सोडल्याचं मला पहिल्यांदा खरं वाईट वाटलं. दहा मिनिटांत माइक बंद पडला. मॅडम थांबल्या नाहीत... पाठमोऱ्या होऊन फळ्यावर आकृत्या काढत बोलतच राहिल्या. आम्हा मागच्यांना एक अक्षर कळेना. माझं पेन थांबलं, तशी ह्यांनी वही ओढून घेतली आणि भराभर लिहायला लागले.

वाटलं, वैतागून काहीतरी खरडतायत. संपल्यावर बघते तर दीड पान! ‘वारंवारता’, ‘अनुनाद’... सातवी शिकलेल्या माणसाला हे शब्द कुठून? मी वही घेऊन थेट मॅडमकडे गेले.

त्यांनी सावकाश वाचलं. “हे सगळं मी बोलले,” म्हणाल्या. मग शेवटच्या ओळींवर अडल्या.

‘माझे वडील हॅमरवर होते. कान गेल्यावर घरातले त्यांच्याशी बोलेनासे झाले. मीही. त्यानंतर मी आवाजाचा अभ्यास धरला, पण तो कशासाठी, हे त्यांना कधी सांगितलं नाही.’

“हे मी बोलले नाही,” मॅडम म्हणाल्या. “बोलणार होते. घरून ठरवून आले होते... ऐनवेळी धीर झाला नाही.”

मॅडमनी ह्यांच्या अगदी समोर येऊन काहीतरी विचारलं. हे माझ्याकडे वळले. “काय म्हणत्यात?”

मी वहीत लिहून दाखवलं — नीट बसलेला घाव कसा वाजतो?

हे हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा! आणि बोलायला लागले... भरीव घाव कसा, पोकळ कसा, डाय, म्हणजे लोखंडाला आकार देणारा साचा, तडकायच्या आधी आवाज कसा फुटतो. अर्धा तास. एवढ्या मोठ्या विदुषी, पण समोर बसून विद्यार्थिनीसारखं लिहून घेत होत्या. मला रडू आवरेना.

नंतर कान पुन्हा तपासले, काडीचा फरक नाही. पुढच्या चार व्याख्यानांना आम्ही गेलो. ह्यांना एक शब्द ऐकू आला नाही, तरी रविवारी माझ्याआधी तयार होऊन बसतात. त्या दिवशी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. ह्यांना खोदून खोदून विचारलं, तर उलट माझ्याकडेच काळजीनं बघतात.

“बाई रडत रडत बोलली की. तुला खरंच ऐकू आलं न्हाई?”